परवाना-राज्य आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य
भारतातील उदारमतवादी अर्थविचाराचा एक परिचय

कोणत्याही समाजात काही प्रश्न अटळपणे सोडवावे लागतात. कोणता माल किती निर्माण व्हावा, तो कोणी निर्माण करावा, कोणत्या भावाने विकला जावा आणि त्यातून मिळणारे उत्पन्न कोणाच्या हाती जावे, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे शोधण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. एका मार्गात शासन ती उत्तरे ठरविते व लोकांना त्याप्रमाणे वागावयास लावते. दुसऱ्या मार्गात असंख्य माणसे आपापल्या गरजा, कौशल्ये व साधने लक्षात घेऊन परस्परांशी व्यवहार करतात आणि त्या व्यवहारांतूनच उत्तरे आकारास येतात. प्रत्यक्षात कोणताही देश यांपैकी केवळ एकाच मार्गाने चालत नाही. तथापि, कोणत्या मार्गाला प्राधान्य द्यावे याविषयीचा वाद स्वतंत्र भारतात अतिशय तीव्रतेने झाला. या वादात दीर्घकाळ अल्पमतात राहिलेल्या विचारप्रवाहाचा परिचय करून देणे, हा या प्रकरणाचा उद्देश आहे.

१. नियोजनाचा स्वीकार

भारतात मुक्त व्यापाराच्या तत्त्वाविषयी प्रारंभापासूनच संशय होता आणि त्याला सबळ कारण होते. ब्रिटिश सरकारने ते तत्त्व भारतावर लादले ते स्वतःच्या गिरण्यांच्या सोयीसाठी, अशी येथील विचारवंतांची धारणा होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, इंग्लंडमधील परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्रीय सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि येथील उद्योगधंद्यांच्या वाढीसाठी शासनाने साहाय्य केले पाहिजे. राजकीय बाबतीत उदारमतवादी असलेले रानडे आर्थिक बाबतीत शासनाच्या हस्तक्षेपाचे समर्थक होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार अधिक व्यापक झाला. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने अनुसूचित उद्योगांत नवा कारखाना काढणे, असलेल्या कारखान्याचा मोठा विस्तार करणे, नवीन वस्तूचे उत्पादन सुरू करणे अथवा कारखान्याची जागा बदलणे यांसाठी परवाना आवश्यक ठरविला. १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने सतरा उद्योग शासनासाठी राखून ठेवले. आणखी बारा उद्योगांत शासनाने क्रमाक्रमाने पुढाकार घ्यावयाचा होता. त्याच वर्षी प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या विचारांची छाप असलेली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलाद, यंत्रे व अवजड उद्योग हे तिचे केंद्र होते. देश गरीब होता, खाजगी भांडवल अपुरे होते आणि रशियाच्या झपाट्याने झालेल्या औद्योगिकीकरणाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. अशा वेळी नियोजनाविषयी शंका घेणे हे बहुतेकांना प्रगतीलाच विरोध केल्यासारखे वाटत असे.

२. शेणॉय यांची भिन्नमतपत्रिका

दुसऱ्या योजनेच्या आराखड्यावर मत देण्यासाठी नेमलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात प्रा. बी. आर. शेणॉय हे एक सदस्य होते. १९५५ साली या मंडळाने आराखड्याला अनुकूल मत दिले, तेव्हा शेणॉय यांनी आपली भिन्नमतपत्रिका स्वतंत्रपणे जोडली.

त्यांचा मुख्य आक्षेप साधा होता. समाजाची जेवढी खरी बचत असेल तेवढीच गुंतवणूक त्याला पेलते. बचतीहून अधिक खर्च करावयाचा तर तो नवा पैसा निर्माण करूनच भागवावा लागतो. नव्या पैशाबरोबर वस्तू वाढत नाहीत, म्हणून भाव वाढतात. भाववाढीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्यांचे उत्पन्न ठरावीक आहे त्या मजुरांना व नोकरदारांना तो अधिक सोसावा लागतो. दुसऱ्या योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील खर्चाचे लक्ष्य ४,८०० कोटी रुपयांचे होते आणि त्यांपैकी १,२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करावयाचे होते. शेणॉय यांच्या मते हा खर्च देशाच्या ऐपतीबाहेरचा होता. भाववाढ झाली की ती दडपण्यासाठी नियंत्रणे येतील, आणि नियंत्रणे अपुरी पडली की ती अधिक कडक करावी लागतील. अशा रीतीने लोकशाही राज्यव्यवस्थेच्या पोटात हुकूमशाही अर्थव्यवस्था वाढीस लागेल, असा इशाराही त्यांनी दिला.

पुढे घडलेल्या घटनांनी या इशाऱ्याचा काही भाग खरा ठरविला. योजना सुरू होऊन दोन वर्षे होण्यापूर्वीच परकीय चलनाचा साठा झपाट्याने घटला, आयातीवर कडक निर्बंध घालावे लागले आणि १९५८ मध्ये योजनेला कात्री लावणे भाग पडले. त्याच वर्षी भारताला साहाय्य करणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला. योजनेच्या काळात घाऊक भाव सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. येथे एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. पोलादाचे कारखाने, धरणे व तंत्रशिक्षणाच्या संस्था यांचा जो पाया त्या काळात घातला गेला, त्याचे मूल्य केवळ भाववाढीच्या आकड्यांनी ठरविता येत नाही. वाद उद्दिष्टाविषयी फारसा नव्हता. त्यासाठी कोणती किंमत मोजावी आणि ती कोणी मोजावी, याविषयी होता.

३. राजाजी, मसानी आणि स्वतंत्र पक्ष

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत झाला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र कराव्यात, मालकी हक्क कायम राहावा व जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा मिळावा, अशी ती कल्पना होती. टीकाकारांच्या मते, जो आपली जमीन स्वतः कसू शकत नाही, तिच्यात काय पेरावे हे ठरवू शकत नाही, त्याची मालकी कागदापुरतीच उरते. या विरोधातून त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाचा जन्म झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे त्याचे प्रेरणास्थान होते, आंध्रातील शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष आणि मिनू मसानी सरचिटणीस होते. कन्हैयालाल मुनशी हेही संस्थापकांत होते.

या व्यक्तींची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे त्यांच्या विचाराचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. मसानी हे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. सोव्हिएत राजवटीतील दडपशाहीचे वास्तव उमगल्यावर ते साम्यवादापासून दूर गेले. ज्याच्या हाती सर्व नोकऱ्या व सर्व शिधा आहे त्या शासनाला विरोध करण्याची ताकद नागरिकात उरत नाही, हा त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष होता. राजाजींची भूमिका निराळ्या मुळांतून आली होती. ते गांधीजींचे निकटचे सहकारी होते आणि धर्म, संयम व विश्वस्तवृत्ती यांवर त्यांचा भर होता. १९५२ साली मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी अन्नधान्यावरील नियंत्रणे उठविली. त्या वेळी अनेकांनी दुष्काळाची भीती व्यक्त केली होती, परंतु ती खरी ठरली नाही. पुढे ज्या व्यवस्थेवर त्यांनी सातत्याने प्रहार केले तिला त्यांनी ‘परमिट-लायसेन्स-कोटा राज’ असे नाव दिले, आणि ते नाव भारतीय राजकारणात रूढ झाले.

याच सुमारास मुंबईत उद्योगपती व अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली ‘फोरम ऑफ फ्री एन्टरप्राइज’ ही संस्था स्थापन केली होती. व्याख्याने व छोट्या पुस्तिका यांच्याद्वारे तिने खाजगी उद्योगाची बाजू मांडली. श्रॉफ हे १९४४ च्या ‘मुंबई योजने’च्या लेखकांपैकी एक होते, आणि त्या योजनेत शासनाला मोठे स्थान दिलेले होते. यावरून असे दिसते की, या प्रवाहातील बहुतेक जण शासन नकोच असे म्हणणारे नव्हते. कायदा व सुव्यवस्था, न्यायदान, रस्ते, प्राथमिक शिक्षण व आरोग्य ही शासनाची कामे आहेत, हे त्यांना मान्य होते. जे शासन हॉटेले चालविते, घड्याळे व पाव तयार करते, तेच शासन प्रत्येक मुलाला शाळेत पोहोचवू शकत नाही, हे त्यांचे दुखणे होते. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. प्रत्यक्षात शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

स्वतंत्र पक्षाला १९६२ च्या निवडणुकीत लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या व १९६७ मध्ये ४४. १९७१ मध्ये त्या ८ वर आल्या. १९७२ च्या डिसेंबरात राजाजींचे निधन झाले आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोक दलात विलीन झाला. संस्थानिक, जमीनदार व उद्योगपती यांचा पक्ष अशी त्याची प्रतिमा झाली होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. स्वातंत्र्याचे तत्त्व मांडणाऱ्या पक्षाला ज्यांच्याकडे आधीपासूनच पुष्कळ आहे त्यांचाच आधार लाभावा, ही त्याची मोठी दुर्बलता ठरली.

४. परवाना कोणाच्या उपयोगी पडला?

परवाना पद्धतीचा हेतू चांगला होता. दुर्मिळ भांडवल चैनीच्या वस्तूंत अडकू नये, उद्योग थोड्या शहरांत व थोड्या घराण्यांत एकवटू नयेत आणि लहान उद्योजकाला संधी मिळावी, अशी अपेक्षा होती. परंतु पद्धतीचे काम कसे चाले हे पाहिले की हेतू व परिणाम यांतील अंतर ध्यानात येते.

कारखाना काढू इच्छिणाऱ्यास औद्योगिक परवान्याखेरीज यंत्रसामग्रीच्या आयातीची अनुज्ञा, भांडवल उभारणीची परवानगी व कच्च्या मालाचा कोटा या सर्व गोष्टी मिळवाव्या लागत. त्यासाठी दिल्लीत वारंवार खेटे घालणे आवश्यक होते. हे ज्याला परवडे तोच टिकून राही. परवाना मिळालेल्या उत्पादकास स्पर्धेची भीती नसे, कारण दुसऱ्यास परवाना मिळाल्याखेरीज स्पर्धा संभवतच नव्हती. ग्राहकाने स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी, ही स्थिती त्यातूनच निर्माण झाली. मंजूर क्षमतेपेक्षा अधिक माल काढणे हा गुणाऐवजी गुन्हा ठरला.

महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोषांकडे लक्ष वेधणारे सर्वच जण खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते नव्हते. शासनानेच नेमलेल्या दत्त समितीने १९६९ साली असे दाखवून दिले की, परवान्यांचा प्रमाणाबाहेर मोठा वाटा मोठ्या उद्योगसमूहांच्याच पदरात पडला होता. मक्तेदारी रोखण्यासाठी उभारलेली भिंत मक्तेदारांचीच तटबंदी बनली. या निष्कर्षातून शासनाने मात्र अधिक नियंत्रणे हाच उपाय काढला. त्याच वर्षी मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा झाला आणि १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७३-७४ मध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावरील कराचा कमाल दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. इतक्या चढ्या दरामुळे कर भरण्यापेक्षा उत्पन्न लपविण्याकडेच प्रवृत्ती वाढते, असे वांच्छू समितीने १९७१ सालीच दाखविले होते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ च्या एका प्रसिद्ध निबंधात परवान्यांमुळे आपोआप मिळणाऱ्या लाभाचा हिशेब मांडला. १९६४ साली भारतात असा लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७ टक्के होता, असा त्यांचा अंदाज होता. हा लाभ नवे काही निर्माण केल्याबद्दल मिळत नसे. तो परवाना हाती असल्याबद्दल मिळे, म्हणून कल्पक माणसांची बुद्धी कारखान्याऐवजी कचेरीकडे वळली. १९५० ते १९८० या काळात राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी सुमारे ३.५ टक्क्यांनी वाढले. लोकसंख्येची वाढ वजा केली तर दरडोई वाढ दीड टक्क्याच्याही आतच राहते. पारतंत्र्यातील अखेरच्या अर्धशतकाच्या तुलनेने ही प्रगतीच होती, तथापि दारिद्र्य हटविण्यास ती पुरेशी नव्हती.

५. शेतकऱ्याचा प्रश्न

मुक्त बाजारपेठेचा विचार हा श्रीमंतांचा विचार आहे, ही समजूत बदलण्याचे श्रेय मोठ्या अंशी महाराष्ट्रातील एका चळवळीकडे जाते. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून शरद जोशी भारतात परतले आणि त्यांनी चाकण परिसरात शेती करण्यास प्रारंभ केला. १९७९ साली त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली. १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा व ऊस यांच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले.

जोशी यांचे प्रतिपादन असे होते की, शेतकरी गरीब आहे तो आळशी अथवा अडाणी आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या मालाचे भाव शासन जाणूनबुजून पाडते म्हणून. निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा, सक्तीची लेव्ही व जिल्हाबंदी ही त्याची हत्यारे होत. शहरातील ग्राहकास व कारखानदारास स्वस्त माल मिळावा यासाठी खेड्यातून संपत्ती ओढून नेली जाते. महाराष्ट्रातील कापूस एकाधिकार खरेदी योजना हे या चर्चेतील एक ठळक उदाहरण होते. १९७२ पासून अमलात आलेल्या या योजनेनुसार राज्यातील शेतकऱ्यास आपला कापूस खाजगी व्यापाऱ्यास विकता येत नसे अथवा राज्याबाहेर नेता येत नसे. व्यापाऱ्याच्या पिळवणुकीतून शेतकऱ्याची सुटका करण्यासाठी ही योजना आणली होती. ज्या वर्षी बाहेर भाव कमी असे त्या वर्षी तिचा आधारही वाटे. परंतु ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव अधिक असे, त्या वर्षी आपलेच पीक सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरे.

प्रारंभी रास्त भावाची मागणी करणारी ही चळवळ पुढे अधिक मूलगामी झाली. शासनाने भाव द्यावा यापेक्षा शासनाने वाटेतून दूर व्हावे, अशी मांडणी जोशी करू लागले. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. त्याच्या नावातच राजाजींच्या पक्षाचे स्मरण होते.

६. प्रतिवाद

या विचारावरील आक्षेपांची दखल घेतल्याखेरीज त्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.

पहिला आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ साली घटनासमितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात स्पष्टपणे मांडला होता. शासनाने हात काढून घेतला म्हणजे माणूस स्वतंत्र होतोच असे नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, काम नाही व उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याच्यावर शासनाऐवजी मालकाची सत्ता चालते. भारतात या प्रश्नाला जातीची जोड होती. ज्या गावात विहिरीवर पाणी भरण्याचीच मनाई आहे, तेथे खुल्या करारांचे स्वातंत्र्य सर्वांना समान लाभत नाही. या आक्षेपाला स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांनी पुरेसे उत्तर दिले, असे म्हणता येत नाही. उदारमतवाद्यांचे म्हणणे असे की, शहरातील बाजारपेठ खरेदीदाराची जात विचारीत नाही, म्हणून जातीची बंधने तिथेच आधी सैल होतात. यात तथ्य आहे. परंतु त्या बाजारपेठेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे शिक्षण व भांडवल आपोआप उपलब्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप टंचाईच्या काळाविषयी आहे. १९४७ च्या अखेरीस गांधीजींच्या आग्रहावरून धान्य व कापड यांवरील नियंत्रणे सैल करण्यात आली. भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा लादावी लागली. उलट १९५२ नंतर रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना नियंत्रणे उठली तेव्हा पिके चांगली असल्याने प्रयोग यशस्वी झाला. खुल्या व्यापाराचे यश काही अंशी परिस्थितीवर अवलंबून असते, हे या दोन अनुभवांवरून दिसते. तथापि, टंचाईसाठी आलेले नियंत्रण टंचाई संपल्यावरही का टिकून राहते, हा उदारमतवाद्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो. मुंबईतील घरभाड्याचे उदाहरण बोलके आहे. युद्धकाळातील टंचाईमुळे १९४० च्या पातळीवर गोठविलेली भाडी १९४७ च्या कायद्याने पुढे चालू राहिली व अर्धशतकाहून अधिक काळ त्यांत फारसा बदल झाला नाही. भाडेकरूला संरक्षण मिळाले, परंतु भाड्यासाठी घरे बांधणे थांबले आणि जुन्या चाळींच्या दुरुस्तीला पैसा उरला नाही. ज्यांना घर मिळाले नव्हते त्यांचा विचार करणारे कोणीच नव्हते.

७. १९९१ आणि त्यानंतर

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरताच उरला आणि सोने गहाण ठेवण्याची वेळ आली. जुलैमध्ये पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव व अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. २४ जुलै रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता परवाना पद्धती रद्द केली. जे शेणॉय यांनी १९५५ साली सांगितले होते त्यातील बरेचसे छत्तीस वर्षांनी संकटाच्या रेट्याखाली स्वीकारले गेले. ते पाहण्यास ते हयात नव्हते. १९७८ सालीच त्यांचे निधन झाले होते.

मात्र हा स्वीकार तत्त्वापेक्षा गरजेतून झाला होता, म्हणून तो अपुरा राहिला. उद्योगधंद्यांवरील परवाने गेले, तरी शेतमालावरील बंधने राहिली. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली व ती ४ मे २०२४ रोजी उठविण्यात आली. लासलगावच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने १९८० चा प्रश्न संपलेला नव्हता. दुसरीकडे, शेतमालाचा व्यापार बाजारसमित्यांबाहेर खुला करणारे २०२० चे केंद्रीय कायदे प्रामुख्याने पंजाब व हरियाणा येथील शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेने ज्यांचे स्वागत केले, त्यांनाच पंजाबच्या शेतकऱ्याने आपल्या हमीभावावरील संकट मानले. बाजारपेठेवरील विश्वास हा तिच्या प्रत्यक्ष अनुभवावर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

शहरातील फेरीवाल्याची कथाही अशीच आहे. रस्त्यावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, घटनेच्या १९ व्या कलमाखालील हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मान्य केले. त्यासाठीचा केंद्रीय कायदा होण्यास २०१४ साल उजाडले. मोठ्या कारखानदाराचा परवाना कागदावरून पुसला गेला तरी टोपलीभर भाजी विकणाऱ्याचा परवान्याचा प्रश्न त्यानंतरही अनेक वर्षे मिटला नाही.

भारतातील उदारमतवादी अर्थविचाराची खरी कसोटी येथेच लागते. जोपर्यंत तो केवळ उद्योगपतीच्या सोयीचा विचार होता तोपर्यंत मतदारांनी त्याला दूर ठेवले, आणि त्यात त्यांची चूक झाली असे म्हणता येत नाही. जेव्हा तो शेतकऱ्याच्या कापसाविषयी व कांद्याविषयी बोलू लागला, तेव्हा त्याला लाखोंचे पाठबळ मिळाले. प्रत्येक निर्बंधाबाबत दोन प्रश्न विचारण्याची सवय त्याने भारतीय सार्वजनिक जीवनाला लावली. हा निर्बंध कोणाचे रक्षण करण्यासाठी आला, हा पहिला प्रश्न. प्रत्यक्षात तो कोणाचे रक्षण करीत आहे, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी सारखी येत नाहीत. ती का वेगळी पडतात याचा शोध घेणे, हे शासनाच्या समर्थकांचे जितके कर्तव्य आहे तितकेच बाजारपेठेच्या समर्थकांचेही आहे.